निळ्या चिखलातील चांदी
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



‘सोन्याविषयी काही बोला’ असे चिटणीसांनी आम्हांस सांगितले तेव्हा प्रथम आम्हांस हसूच आले. सोनारांच्या मेळाव्यात सोन्यावर व्याख्यान देणे म्हणजे पंढरपुरात जाऊन विठोबाची ओळख करून देण्यासारखे आहे. त्यातून आम्ही हातोडी सोडून खडू धरलेले. शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, आणि सारी नोकरी प्राथमिक शाळेत भूगोल व गणित शिकविण्यात गेली. तेव्हा दुकानात आल्यानंतरचे सोने तुम्ही आम्हांस शिकवावे. दुकानात येण्यापूर्वीचे, दगडात असतानाचे सोने, तेवढाच भाग आम्ही आज घेणार आहोत. सोन्याबरोबर चांदीही घेऊ. कारण पृथ्वीच्या पोटात ही भावंडे पुष्कळदा एकत्रच नांदतात.

सोन्याची खाण म्हटली की आपल्यासमोर कोलार उभे राहते, आणि ते योग्यच आहे. १८०२ साली लेफ्टनंट जॉन वॉरेन नावाचा इंग्रज अधिकारी म्हैसूर राज्याच्या सीमेची मोजणी करीत असता त्याच्या कानी सोन्याची वार्ता आली. त्याने बक्षीस लावले, तेव्हा उरगामच्या ग्रामस्थांनी गाड्या भरून माती आणली आणि ती त्याच्यासमोर धुऊन सोन्याचे कण काढून दाखविले. पुढे त्या खाणी तीन किलोमीटरहून खोल गेल्या आणि २००१ साली बंद झाल्या. ती कथा मोठी आहे, पण ती मुख्यतः सोन्याची आहे. आम्हांस आज जी जागा दाखवावयाची आहे तेथे सोन्याच्या मागे लागलेल्या माणसांनी चांदी चक्क उकिरड्यावर फेकली होती. ही जागा अमेरिकेतील नेवाडा प्रांतात आहे. तिला कॉमस्टॉकची शीर म्हणतात. इतक्या दूरच्या जागेचा आपल्या ज्ञातीशी काय संबंध, असे आपण विचाराल. संबंध आहे, आणि तो आमच्या घरापर्यंत येऊन पोचतो. पण तो शेवटी सांगू.

प्रथम दगडाविषयी. सोने आणि चांदी एकत्र का सापडतात? सुमारे १ कोटी ४० लाख वर्षांपूर्वी नेवाडाच्या त्या भागात ज्वालामुखी धुमसत होते. त्यांच्या लाव्ह्यापासून बनलेल्या अँडेसाइट नावाच्या खडकात मोठी भेग पडली आणि भेगेच्या एका बाजूचा खडक दुसऱ्या बाजूवरून खाली घसरला. यास भूशास्त्रात भ्रंश म्हणतात. पावसाचे पाणी जमिनीत खोल मुरले, खालच्या उष्णतेने अतिशय तापले, आणि गंधकाच्या साहाय्याने सोने व चांदी आपल्यात विरघळवून त्या भेगेतून वर येऊ लागले. खोलवर वरच्या पाण्याचा दाब इतका असतो की पाणी कितीही तापले तरी उकळत नाही. वर येता येता दाब कमी होतो आणि एका पातळीला ते एकदम उकळते. सोड्याच्या बाटलीचे बूच काढताच वायू फसफसून बाहेर पडतो, तसा गंधकाचा वायू निघून जातो. ज्याच्या आधाराने सोने विरघळून राहिले होते तो आधारच गेल्यावर सोने पाण्यात कसे राहणार? ते गारगोटीबरोबर भेगेच्या भिंतींवर बसते, आणि चांदीही त्याच सुमारास बसते. त्या डोंगरापासून काही मैलांवर स्टीमबोट नावाचे उष्णोदकाचे झरे आहेत, आणि त्यांच्या साक्यात सोने, चांदी व पारा यांचे सूक्ष्म अंश सापडतात. (मात्र एवढे ऐकून आपल्या उन्हवऱ्याच्या वा वज्रेश्वरीच्या कुंडांत कोणी परात घेऊन उतरू नये!)

ही उकळण्याची पातळी श्रोत्यांनी ध्यानात ठेवावी. पुढे हिच्यापायी हजारो संसार बुडाले आहेत.

आता माणसांकडे येऊ. १८४९-५० साली कॅलिफोर्नियाच्या सोन्यासाठी जी झुंबड उडाली, तिच्यातील काही वाटसरूंना वाटेत, सिएरा नेवाडा पर्वताच्या अलीकडे, एका ओढ्याच्या रेतीत सोन्याचे कण सापडले. त्या दरीला गोल्ड कॅन्यन हे नाव पडले. पुढची आठ-नऊ वर्षे शे-दोनशे माणसे तेथे रेती धुऊन पोट भरीत होती. परंतु तेथील सोन्याला कॅलिफोर्नियाच्या सोन्याचा भाव येत नसे. ते फिके होते. आणि ओढ्याने जो जो वर जावे तो तो अधिकच फिके निघत होते.

सभागृहातील कोणाही कारागिराला विचारा, सोने फिके का? तो कसोटीवर एक रेघ ओढील आणि म्हणेल, ‘यात चांदी आहे.’ आणि जो जो वर जावे तो तो चांदी वाढते, याचा अर्थ एवढाच की वर कोठे तरी चांदीचे घर आहे. ही गोष्ट त्या माणसांच्या परातीत रोज येत होती. भाव कमी मिळाला म्हणून ते व्यापाऱ्याला शिव्या देत आणि पुन्हा रेती धुऊ लागत. त्यांस दोष देण्याचा आमचा हेतू नाही. सोने ओळखणे सोपे. ते पिवळे दिसते आणि तळाशी बसते. चांदी खनिजात असते तेव्हा चांदीसारखी दिसतच नाही. ती गंधकाशी मिळून काळी-निळी झालेली असते. घरातली चांदीची वाटी काळवंडते, तीही याच जातीची काळिमा.

त्या दरीत ही गोष्ट ओळखणारे दोन भाऊ होते. ॲलन ग्रॉश आणि होझिया ग्रॉश ही त्यांची नावे. पेनसिल्व्हेनियातील एका धर्मोपदेशकाची ही मुले १८४९ साली कॅलिफोर्नियास आली होती. त्यांनी पुस्तके वाचली, दगडांची परीक्षा स्वतः शिकून घेतली, आणि १८५६-५७ मध्ये वडिलांस पत्रे लिहून कळविले की येथे चांदीच्या शिरा आहेत. ती पत्रे आजही उपलब्ध आहेत. त्यांना सापडलेली शीर हीच, की शेजारची दुसरी, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. पण चांदी आहे हे त्यांनी जाणले होते यात शंका नाही. १८५७ च्या ऑगस्टमध्ये होझियाच्या पायावर कुदळ बसली. जखम चिघळली आणि सप्टेंबरच्या आरंभी तो वारला. भावाच्या औषधपाण्याचे व दफनाचे देणे फेडण्यात ॲलनला थांबणे भाग पडले, आणि पर्वत ओलांडण्यास निघेपर्यंत नोव्हेंबर उजाडला. बर्फात वाट चुकली. पाय गोठले. डिसेंबरमध्ये पलीकडच्या एका वस्तीवर त्याने प्राण सोडला. त्याच्याबरोबर रिचर्ड बक नावाचा विशीतील तरुण होता. तो एक पाऊल आणि दुसऱ्या पावलाचा काही भाग गमावून वाचला, आणि पुढे कॅनडात मनोरुग्णांचा नामांकित वैद्य झाला.

ज्यांना ठाऊक होते ते असे गेले. जे राहिले त्यांना ठाऊक नव्हते.

१८५९ च्या जून महिन्यात पॅट्रिक मॅकलॉफ्लिन आणि पीटर ओरायली हे दोन आयरिश मजूर रेती धुण्यास पाणी साठावे म्हणून डोंगराच्या उतारावर खड्डा खणीत होते. खड्ड्यातील माती सहज धुऊन पाहिली तो परातीचा तळ सोन्याने भरून गेला. तेवढ्यात हेन्री कॉमस्टॉक नावाचा एक बडबड्या गृहस्थ तेथे आला. ही जमीन माझी, पाणीही माझे, असा त्याने दरडावून दावा सांगितला आणि त्या दोघांनी त्याला भागीदार करून घेतले. कुदळीचा एक घावही न घालता या शिरेला त्याचे नाव कायमचे चिकटले.

सोने तर निघू लागले, परंतु त्याबरोबर एक जड, निळसर-काळा चिखल येई. तो पाळण्यासारख्या हलत्या पेटीत अडकून बसे आणि सोने वेगळे होऊ देत नसे. लोक त्याला लाखोली वाहत आणि फावड्याने बाहेर भिरकावीत. पायाखाली निळ्या चिखलाचे ढीग झाले.

येथे आम्हांस आमच्या आजोबांचे दुकान आठवते. आठ फूट लांब, सहा फूट रुंद. एक ऐरण, एक बागेसरी, फुंकणी, सांडस आणि मुशी. संध्याकाळी आजोबा स्वतः दुकान झाडीत. गड्याला झाडू देत नसत. झाडलेली धूळ, बागेसरीतील राख, हात धुतलेले पाणी गाळून राहिलेला गाळ, हे सारे एका मडक्यात जमा होई, आणि वर्षाकाठी झारेकरी येऊन ते विकत नेई. लहानपणी आम्हांस आश्चर्य वाटे की आपली घाण कोणी पैसे देऊन का नेतो? आजोबा म्हणत, ‘त्याला ठाऊक आहे, म्हणून नेतो.’ कॉमस्टॉकच्या डोंगरावर त्या उन्हाळ्यात एकही झारेकरी नव्हता.

अखेरीस एका शेतकऱ्याने कुतूहलापोटी त्या चिखलाचा नमुना पर्वतापलीकडे कॅलिफोर्नियातील ग्रास व्हॅली या गावी पोचविला. तेथील धातुपारख्यांनी तो भट्टीत घालून पाहिला, आणि उत्तर आले तेव्हा त्यांचा स्वतःच्या तराजूवरच विश्वास बसेना. एका टनामागे ८७६ डॉलरचे सोने आणि सुमारे ३००० डॉलरची चांदी! फेकलेला चिखल ठेवलेल्या सोन्याच्या तिप्पटीहून अधिक मोलाचा होता. गोष्ट गुप्त ठेवण्याचे ठरले. आणि सोन्याच्या गावी जसे व्हावे तसेच झाले, म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी घोडी-खेचरे घेऊन माणसे पर्वत चढू लागली होती.

या परीक्षेची रीत आपणांस परकी नाही. खनिज दळून शिशाबरोबर मुशीत वितळवावयाचे, शिसे हाडांच्या राखेच्या वाटीत शोषून जाऊ द्यावयाचे. मागे सोने-चांदीचा मणी उरतो. तो मणी नत्राम्लात, म्हणजे आपल्या तेजाबात, टाकला की चांदी विरघळते आणि सोने तळाशी राहते. चांदी पुरेशी नसेल तर तेजाब आत शिरत नाही, म्हणून मुद्दाम आणखी चांदी मिसळून सोन्याच्या तिप्पट करतात. ज्या मुलांनी वडिलांच्या दुकानात हे पाहिले असेल त्यांना त्या ग्रास व्हॅलीतील माणसाची छाती कशी धडधडली असेल याची कल्पना येईल.

पुढील प्रकार दुःखद आहे आणि आम्ही तो थोडक्यात सांगतो. मॅकलॉफ्लिनने आपला हिस्सा जॉर्ज हर्स्ट या जाणकाराला ३५०० डॉलरला विकला. हर्स्टने व त्याच्या भागीदारांनी त्याच वर्षी ३८ टन निवडक खनिज सॅन फ्रान्सिस्कोला नेऊन गाळले आणि सुमारे ९१ हजार डॉलर नफा मिळविला. मॅकलॉफ्लिन दारिद्र्यात मेला. ओरायलीने थोडा धीर धरला. त्याला सुमारे ४० हजार मिळाले, पण ते गेले आणि त्याची बुद्धीही गेली. कॉमस्टॉकने आपला वाटा अकरा-एक हजारांस विकला आणि १८७० साली माँटाना प्रांतात स्वतःवर पिस्तूल झाडून घेतले.

आता शिरेच्या घडणीकडे वळले पाहिजे. कारण तिच्यावरून न्यायालयात युद्ध झाले. तेथील खाणकऱ्यांचा नियम असा की ज्याने जमिनीवर शिरेचे तोंड धरले त्याने ती शीर पोटात जेथे जाईल तेथपर्यंत तिचा पाठपुरावा करावा, मग वर जमीन कोणाचीही असो. नियम सरळ दिसतो. परंतु कॉमस्टॉकची शीर जमिनीजवळ पश्चिमेकडे कललेली दिसत होती, आणि खोल जाताच वळून पूर्वेकडे उतरू लागली! शिवाय मुख्य भ्रंशापासून वर फुटलेल्या फाट्यांत खनिजाचे निराळे साठे होते. मग शीर एक, की अनेक? एक असेल तर सारे पहिल्या मालकाचे. अनेक असतील तर नंतर आलेल्यांचाही हक्क. भूशास्त्रातला हा प्रश्न लाखो डॉलरचा होऊन बसला. चोलर आणि पोटोसी या दोन खाणी या वादात अनेक वर्षे लढल्या आणि १८६५ साली दोन्ही एक झाल्या. एकंदर खटल्यांवर एक कोटी डॉलरच्या आसपास खर्च झाला असे सांगतात. शास्त्राचा निकाल शेवटी ‘शीर एक’ असाच लागला. भाऊबंदकीच्या दाव्यात जमीन वकिलांच्या घरी जाते, हे आपणांस सांगावयास नको.

खालची परिस्थिती भयानक होती. खनिजाचा साठा ४० ते ६० फूट रुंद आणि भुसभुशीत. नेहमीच्या खांबांना तो पेलेना. तेव्हा फिलिप डायडेशायमर या जर्मन अभियंत्याने १८६० साली मधमाशांच्या पोळ्यासारखी लाकडी चौकटींची रचना काढली. एकीवर एक, एकीशेजारी एक, हवी तितकी वाढविता येणारी. त्याने तिचे पेटंट घेतले नाही. या चौकटींपायी टाहो सरोवराभोवतीची अरण्ये मात्र तुटून गेली. खोलवर पाणी इतके कढत की तीन हजार फुटांवर त्याची उष्णता सत्तर अंशांच्या वर, म्हणजे चहाला आधण ठेवल्यासारखी, गेली होती. मजुरांना बर्फ द्यावा लागे. १८६९ च्या एप्रिलमध्ये यलो जॅकेट खाणीत आग लागून किमान ३५ माणसे दगावली. खनिज लोखंडी कढयांत पाऱ्याबरोबर घोटून धातू काढीत. तो पारा कार्सन नदीत इतका गेला की १९९० साली अमेरिकन सरकारला ती नदी विषारी अवशेषांच्या राष्ट्रीय यादीत घालावी लागली.

१८७३ साली कन्सॉलिडेटेड व्हर्जिनिया या खाणीत सुमारे १२०० फुटांवर आजवरचा सर्वांत मोठा साठा लागला. मॅके, फेअर, फ्लड व ओब्रायन हे चार आयरिश भागीदार अमेरिकेतील बड्या धनिकांत जाऊन बसले. एकट्या कॉमस्टॉकने आपल्या आयुष्यात सुमारे ८० लाख औंस सोने आणि १९ कोटी औंस चांदी दिली असा ढोबळ हिशेब आहे. वजनात चांदी वीसपटीहून अधिक असूनही त्या वेळच्या किमतीत दोघांचा वाटा निम्म्यानिम्म्याच्या जवळपास येतो, चांदीचा थोडा अधिक.

पण आम्हांस खरी कथा वाटते ती शेअरांची. या शिरेवर शेकडो कंपन्या निघाल्या. सॅन फ्रान्सिस्कोत १८६२ साली त्यांच्यासाठी शेअर बाजार उभा राहिला. स्वयंपाकिणी, धोबिणी, गाडीवान, सारे शेअर घेऊ लागले. आणि त्यातली खोच अशी की कंपनीला पैसा लागला तर ती भागधारकांकडूनच आणखी वर्गणी मागे. न दिल्यास शेअर जप्त! बहुतेक कंपन्यांनी लाभांश दिला त्याहून अधिक वर्गणी वसूल केली. लोक का देत राहिले? कारण ‘खाली आणखी आहे’ असे त्यांस सांगण्यात येत होते. फर्डिनांड फॉन रिश्टहोफेन हा जर्मन भूशास्त्रज्ञ, ज्याने पुढे ‘रेशीम मार्ग’ हे नाव रूढ केले, त्याने १८६५ साली या शिरेचा अभ्यास करून ती खोलवर अशीच चालू राहील असा अभिप्राय दिला. अभिप्राय प्रामाणिक होता. परंतु तो छापून प्रसिद्ध केला सुट्रो बोगदा कंपनीने, जिला डोंगराखालून चार मैलांचा बोगदा खणण्यास भांडवल हवे होते! बोगदा १८६९ ला सुरू झाला आणि १८७८ ला पोचला, तोवर वरचे खनिज संपत आले होते. ॲडॉल्फ सुट्रोने आपले शेअर वेळीच विकले, आणि तो पुढे सॅन फ्रान्सिस्कोचा महापौर झाला.

खाली काय होते? मघाशी आम्ही उकळण्याची पातळी सांगितली. त्या पातळीच्या खाली पाणी कधी उकळलेच नव्हते. म्हणून तेथे गारगोटी होती, कढत पाणी होते, पण सोने-चांदी नाममात्र. हे शास्त्र तेव्हा कोणाला ठाऊक नव्हते. लोक १८८० नंतरही खाली खणीत राहिले आणि वर्गणी देत राहिले.

आम्ही हे उपहासाने सांगत नाही, कारण आम्ही स्वतः ती वर्गणी दिली आहे. निवृत्त झालो त्या वर्षी एका कंपनीचे गुळगुळीत कागदावरचे पत्रक आमच्या हाती आले. कोठे तरी सोन्याचा शोध चालू आहे, भूशास्त्रज्ञांनी ‘उत्साहवर्धक चिन्हे’ पाहिली आहेत, असे त्यात रंगीत नकाशासह लिहिले होते. भूगोलाच्या मास्तरला नकाशा दाखविला की संपले! आम्ही निवृत्तीच्या रकमेतील ८० हजार रुपये त्यात घातले. आमच्या मंडळींनी एवढेच विचारले, ‘किती विंधणी घेतल्या? नमुना कोणी तपासला?’ सोनाराच्या घरातील मुलगी ती. आम्ही म्हणालो, ‘शास्त्रज्ञांनी पाहिले आहे.’ तीन वर्षांनी कंपनीचा पत्ताच बदलला; नवा कोणाला ठाऊक नाही. नंतर पत्रक पुन्हा वाचले. त्यात एका टनात किती ग्रॅम, किती खोलीवर, किती विंधणींतून, यांपैकी एकही आकडा नव्हता. चाळीस वर्षे मुलांच्या गणितांत एकक लिहिले नाही म्हणून आम्ही गुण कापीत आलो होतो.

असो. आता तो संबंध, जो शेवटी सांगण्याचे आम्ही कबूल केले होते.

१८७० नंतर कॉमस्टॉकची चांदी जगाच्या बाजारात ओतली जाऊ लागली, आणि नेमक्या त्याच वेळी जर्मनीने चांदीचे नाणे सोडून सोन्याचे स्वीकारले. १८७३ साली अमेरिकेनेही चांदीच्या डॉलरची टांकसाळ थांबविली. एकट्या कॉमस्टॉकवर खापर फोडणे बरोबर होणार नाही, परंतु चांदी वाढली आणि गिऱ्हाईक घटले. भाव उतरू लागला. आपला रुपया चांदीचा. बारा मासे, म्हणजे तोळाभर वजनाचा. तो १८७० च्या सुमारास जवळजवळ दोन शिलिंगांचा होता, तो १८९२ पर्यंत सव्वा शिलिंगावर आला. विलायतेचे देणे सोन्यात भरणाऱ्या सरकारचे त्यात नुकसान होऊ लागले. म्हणून २६ जून १८९३ रोजी हिंदुस्थानच्या टांकसाळी लोकांच्या चांदीसाठी बंद करण्यात आल्या. त्यापूर्वी कोणीही मुंबईच्या टांकसाळीत चांदी नेऊन थोड्या खर्चात रुपये पाडून घेई. म्हणून गावोगावी रुपयाभार चांदीला जवळजवळ रुपया ठरलेला असे. त्या दिवसानंतर रुपयाचा भाव सरकारने धरून ठेवला आणि चांदीचा मात्र घसरतच गेला.

पुढे १८९६-९७ चा दुष्काळ आला. आमचे पणजोबा तेव्हा तिशीतले होते. आजोबांच्या तोंडून आम्ही ऐकले आहे की दुकानासमोर बायकांची रांग लागे. कोणी वाळे, कोणी तोडे, कोणी साखळ्या घेऊन येई. त्या स्त्रियांच्या आया-सासवांनी रुपये देऊन ते दागिने घडविले होते, रुपयाला रुपयाभार असा हिशेब त्यांच्या डोक्यात पक्का होता. आणि पणजोबा सांगत होते की आता तितके येणार नाहीत. ‘सोनाराने बुडविले’ ही म्हण आपल्या ज्ञातीच्या मागे लागलेली आहेच; ती त्या वर्षी पणजोबांच्या तोंडावर कितीदा म्हटली गेली असेल! त्यांनी कस दाखवावा, तराजू दाखवावा, वजन त्या बाईच्या हाती द्यावे. पण भाव का उतरला हे ते सांगू शकत नव्हते. त्यांना ते ठाऊकच नव्हते. समुद्रापलीकडच्या एका डोंगरातल्या निळ्या चिखलाचा जाब त्यांस आपल्या ओटीवर बसून द्यावा लागत होता.

त्यांतली एक बाई भाव ऐकून काही न बोलता तोडे तेथेच ठेवून, धान्यापुरते चार रुपये घेऊन गेली. पुन्हा येऊन सोडविते म्हणाली. ती आली नाही. पणजोबांनी ते तोडे मोडले नाहीत, आजोबांनी मोडले नाहीत, आमच्या वडिलांनीही नाहीत. आज आम्ही ते बरोबर आणले आहेत. वजन ३८ रुपयेभार आहे. कस पाहण्याची ज्यांना इच्छा असेल त्यांच्यासाठी आमचा पुतण्या कसोटी घेऊन दाराजवळच्या टेबलापाशी बसलेला आहे. मुलांना अवश्य न्यावे. तोड्यांसोबत पणजोबांच्या हातची एक मोडी चिठ्ठी आहे. तीवर त्या बाईचे व गावाचे नाव असावे. आम्हांस मोडी येत नाही. आपल्यापैकी ज्या वडीलधाऱ्यांस ती वाचता येत असेल, त्यांनी जेवणाच्या आधी कृपया टेबलापाशी यावे.